तिसऱ्या घरातलं टोपण

११ जून

ताई,

वर आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवून हा दुसरा घेतला. सात वर्षं जिच्याशी एक शब्द बोललो नाही तिला एकदम तीर्थरूप म्हटलं, तर तू म्हणशील, याचं काहीतरी काम निघालेलं दिसतंय. काम आहेच. पण ते सांगायला जरा वेळ लागेल, तोवर पत्र फाडू नकोस.

पत्ता भाचीने दिला. तिला बोल लावू नकोस. तीन वेळा नाही म्हणाली, चौथ्या वेळी कंटाळली. देताना बजावलं मात्र, की आई उत्तर देणार नाही, मामा, आशेवर राहू नका. बोलण्याची धार अगदी तुझी उचललीय पोरीने.

बातमी अशी, की पाचवीतून शाळा सुटलेला तुझा भाऊ सध्या शाळेत शिकवतो. हसायचं तर हसून घे. दर बुधवारी दोन ते पावणेतीन, पाळीपाळीने तीन शाळांत. टोपणांच्या कारखान्यातलं साचे बनवायचं काम सोडून पाच वर्षं झाली. आता घरीच छोटंमोठं दुरुस्तीचं काम करतो आणि बुधवारी बाटल्यांच्या टोपणांची पिशवी घेऊन वर्गात जातो. समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकबद्दल सांगतो. मुलं मला टोपणकाका म्हणतात. म्हणजे टोपण हेच माझं टोपणनाव झालं. हा विनोद मी प्रत्येक नव्या वर्गात करतो आणि हसू फक्त मागच्या बाकांवरून येतं.

पहिल्याच दिवशी मी विज्ञानाच्या बाईंची चूक काढली. त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं, प्लास्टिक कुजायला पाचशे वर्षं लागतात. मी म्हटलं, बाई, मोजली कुणी? ते बनायला लागूनच शंभरेक वर्षं झालीत. टोपणाचे तुकडे होतात, तुकड्यांचा चुरा होतो, पण आकडा सांगायचा तर मोजलेला सांगावा. बाईंना राग आला असेल, पण त्यांनी तो आकडा पुसून माझं वाक्य लिहिलं. भल्या आहेत.

आता काम. वर्गात शेवटची दहा मिनिटं मी भावोजींची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. एक लाँचवाले होते, असं म्हणतो. खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं न्यायचे. एका दुपारी रिकामी लाँच घेऊन परत येताना वारा फिरला आणि लाटा आत यायला लागल्या. पाणी प्रत्येक लाँचमध्ये येतं, ते उपसायला तळाशी पंप असतो. त्या दिवशी पंप चालू होता, पण ओढत नव्हता, कारण त्याच्या नळीच्या तोंडावर एक टोपण बसलं होतं. नळीचं तोंड पंचवीस मिलिमीटर, टोपण अठ्ठावीस. पंपाने स्वतःच ओढून ते घट्ट बसवून घेतलं. लाँच बुडाली आणि लाँचवाले दुसऱ्या दिवशी सापडले. एवढं सांगून मी थांबतो.

हे मी तुला न विचारता सांगत आलो. दोन वर्षं. माणूस तुझा, दुःख तुझं, आणि सांगतोय मी. तू नको म्हणालीस तर बंद करीन. एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी पुरे.

तुझा,
धाकटा


२७ जून

ताई,

उत्तर नाही. टपालाचा दोष म्हणावं तर भाचीला फोन करून विचारलं, पत्र तिसऱ्याच दिवशी पोचलंय. तू ते वाचून दोन घड्या घालून पुस्तकात ठेवलंस, हेही तिने सांगितलं. फाडलं नाहीस, एवढ्यावर हे दुसरं लिहितो आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट टाळली. टोपण कुणाचं होतं, ते.

तो दिवस तुला आठवत असणारच. लाँच ओढून आणली होती. पंप उघडताना नळीच्या मऊ पडलेल्या रबरात अर्धं घुसलेलं टोपण पकडीने काढावं लागलं. तू ते रुमालात बांधून आणलंस. तुझ्या पुढच्या खोलीत चार लाँचवाले भिंतीला टेकून बसले होते आणि मी टेबलापाशी. तू टोपण माझ्यासमोर ठेवलंस आणि सगळ्यांदेखत विचारलंस, “हे तुझं का?”

मी खिशातून भिंग काढलं. टोपण उलटं केलं. आत दोन मिलिमीटरचा आकडा असतो तो पाहिला आणि म्हणालो, “हा माझा सहा नाही. माझ्या सहाची शेपटी अशी नसते.”

लाँचवाल्यांनी माना डोलावल्या. कारागीर माणूस भिंग लावून सांगतोय म्हटल्यावर डोलावणारच. तू एवढंच म्हणालीस, “बरं. तुझा सहा नाही.” आणि टोपण परत रुमालात बांधलंस. महिनाभरात घर बंद करून लेकीकडे निघून गेलीस.

ताई, मी खोटं बोललो नव्हतो आणि खरंही बोललो नव्हतो. तो माझा सहा नव्हता. तो माझा तीन होता.

समजावून सांगतो. आमच्या साच्यात आठ घरं होती, म्हणजे यंत्राच्या एका दाबात आठ टोपणं पडायची. कुठल्या घरातलं टोपण बिघडलं ते कळावं म्हणून प्रत्येक घरात एक ते आठ आकडे कोरायचे. आणि साच्यात आकडा उलटा कोरावा लागतो, आरशात दिसतो तसा, तेव्हा टोपणावर सुलटा येतो. हे मला कुणी शिकवलं नाही, पाहून पाहून शिकलो. तो माझा पहिलाच साचा. बाकी सगळे आकडे बरोबर उलटे कोरले. तिनाला मात्र हात चुकला आणि तो सुलटा कोरला गेला. सुलटा कोरलेला तीन टोपणावर उमटला कसा? सहासारखा. म्हणजे माझ्या साच्यातून दोन सहा निघायला लागले आणि तीन एकही नाही. दुसऱ्या एखाद्या आकड्याला हे झालं असतं तर तो वेडावाकडा दिसून पकडला गेला असता. इथे बेमालूम मिसळून गेला.

पहिल्याच नमुन्यात मला ते दिसलं होतं. मालकाला दाखवलं असतं तर म्हणाला असता, लोक पाणी पितात की आकडा? दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. पण मग पहिल्याच साच्यात चूक झाली हे सगळ्या कारखान्याला कळलं असतं. मी गप्प बसलो. तो साचा चौदा वर्षं चालला.

लहानपणी मी याच दोन आकड्यांत अडकायचो. पाटीवर तीन म्हटलं की सहा काढायचो. तू माझी मान धरून सांगायचीस, तीन मागे बघतो, सहा पुढे बघतो, गाढवा. भाची म्हणते, तुम्हा दोघांत छत्तीसचा आकडा आहे. तिला काय ठाऊक, माझ्या हातून तीन आणि सहा एकच होऊन बसलेत.

लिहिलं. आता हवं तर फाड.

धाकटा


२० जुलै

ताई,

तुझं कार्ड नाही, म्हणून वर्ग बंद केलेला नाही. चूक असेल तर ती माझ्या माथी.

तुला वाटत असेल, याला एवढी उपरती कुठून झाली. उपरती वगैरे काही नाही, खरं ते सांगतो. तू गेल्यावर मी दोन वर्षं कारखान्यात होतो तसाच राहिलो. सकाळी कामाला जाण्याआधी समुद्रावर जायचो. लोकांना वाटायचं, व्यायाम करतोय. मी टोपणं वेचायचो. प्रत्येक टोपण उलटं करून आत बघायचं, आणि दोन सहांपैकी खोटा सहा असेल तेवढंच पिशवीत टाकायचं. बाकीची तिथेच फेकायची. कळलं ना? मी किनारा साफ करत नव्हतो, पुरावा उचलत होतो. जणू तेवढी उचलली की साच्यात चूक झालीच नव्हती. सकाळी नऊ टोपणं उचलली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा यायची. काही नवीकोरी, काही पांढरी पडून नखाने चुरा होणारी. आकडा मात्र सगळ्यांत शाबूत.

काम सोडल्यावरही हे चालूच राहिलं. दोन वर्षांपूर्वी एकदा वाळूत बसून असाच निवडत असताना एका वर्गाची सहल आली. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, तुम्ही यातली काहीच का घेता, बाकीची का टाकता? मी म्हटलं, अभ्यास चाललाय. आता अभ्यास म्हटल्यावर त्या कसल्या सोडतात! शाळेत येऊन मुलांना सांगा म्हणाल्या. मी फुशारलो. पाचवी सुटलेल्याला शाळेचं बोलावणं. घरी येऊन आरशासमोर तालीम केली. असा हा समाजसेवेचा उगम. कुणाला सांगू नकोस.

वर्गात मी काय करतो, तेही सांगतो. भाषण करत नाही. प्रत्येकाच्या हातात एक टोपण देतो आणि म्हणतो, याचं घर शोधा. मुलं आतला आकडा वाचतात, खुणा वहीत काढतात, व्यास मोजतात. हे कुठल्या साच्यातून आलं, कुणीतरी हाताने कोरलंय, कुणीतरी पाणी पिऊन टाकलंय, कुठल्या गटारातून वाहत आलंय, हे एकेक पायरी उलट लिहीत जायचं. मुलांना हे चोर पकडण्यासारखं वाटतं. एका वर्गाने शाळेपुढच्या गटाराच्या तोंडाला जाळी बसवली आणि ती दर शनिवारी साफ करतात, पाळ्या लावून. मला त्याचा अभिमान आहे, लिहून टाकतो.

काल मात्र एक अडचण झाली. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी आहे. भारी चिकट. मी भावोजींची गोष्ट संपवली, आणि ही हात वर करून म्हणते, पंपाच्या नळीला जाळी नसते का? म्हटलं, असते. मग टोपण तोंडाशी आलं कसं? म्हटलं, तेव्हा काढलेली होती.

“कुणी काढली?”

मी म्हटलं, त्यांनीच. तुलाही तेच ठाऊक आहे ना, म्हणून तेच सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घेते.

का कोण जाणे, तिथून निघाल्यावर टोपणांची पिशवी मी वर्गातच विसरलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

धाकटा


८ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. पाकिटावर अक्षर पाहिलं आणि ते अर्धा तास तसंच हातात धरून बसलो. मग सुरीने कडेने कापून उघडलं.

तू लिहितेस, “टोपण तुझं आहे हे मी रुमालात बांधतानाच ओळखलं होतं. तुझ्या हातात तीन मी बसवला, मला नको शिकवूस.” बरोबर. मला कळायला हवं होतं. सगळ्यांदेखत विचारलंस ते मला कबूल व्हायची संधी देत होतीस, आणि मी भिंग काढलं.

तू लिहितेस, “राग टोपणाचा नव्हताच. टोपण कुणाचंही असू शकतं, आज याचं, उद्या त्याचं. राग माझ्या तोंडावर खोटं बोललास त्याचा होता, आणि तो तुझं दुसरं पत्र वाचून उतरला. ये कधीतरी. जिना चढवतो ना अजून, आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत.”

हे वाचून मी तसाच उठून स्टेशनवर गेलो आणि शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं. घरी येऊन मग मागचं पान वाचलं. मागेही लिहिलंयस हे बघितलंच नव्हतं.

ते पान इथे उतरवून काढतो, कारण मला ते पुन्हा वाचायला हवं आहे. “मुलांना गोष्ट खुशाल सांग. पण सगळी सांग. त्यांचा निष्काळजीपणाही सांग. जाळी त्यांनी काढून ठेवली होती. मला जेवताना सांगितलं, अगदी सहज, जसं काही चप्पल काढून ठेवली. मी म्हटलं, लावा ती आधी. हो हो म्हणाले. सात वर्षं मी त्यांच्याशी भांडते आहे. फोटो अजून पेटीत आहे, भिंतीवर लावला नाही. लेक विचारते, काय सांगू? चार स्क्रू लावायचा आळस केला, आणि मला टाकून गेले.”

आज एवढंच लिहितो.


१० ऑगस्ट

ताई,

तिकीट रद्द केलं. हे वाचूनही तू ये म्हणालीस तर पुन्हा काढीन.

जाळी मी काढली.

अपघाताच्या अकरा दिवस आधी, रविवारी. मी इंजिनाचा आवाज ऐकायला लाँचवर गेलो होतो. भावोजी तळाशी पालथे पडले होते, हात खांद्यापर्यंत आत, आणि जाळीवरचा कचरा उपसत होते. नखाएवढे प्लास्टिकचे तुकडे, पिशव्यांच्या चिंध्या, दोऱ्यांचे पुंजके. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, रोज. कुरकुर न करता. मी ती जाळी हातात घेतली आणि मला तिची लाज वाटली. कुणी पाडलीत ही भोकं, एक तरी सरळ रेषेत आहे का, असं म्हणालो. बाजारी माल. मी तुम्हाला नवी करून देतो, घुमटासारखी, कचरा तिच्यावरून घसरून जाईल, हात घालायलाच नको. ते म्हणाले, अरे, चाललंय ना. मी ऐकतो होय? चार स्क्रू काढले आणि जाळी खिशात घातली. दोन दिवसांत आणतो म्हणालो.

जुनी जाळी मी मापासाठी कापून सपाट केली. म्हणजे ती परत लावायची सोय मीच संपवली. नवीला एकशे चव्वेचाळीस भोकं पाडायची होती. एकशे चाळिसावं अर्धा मिलिमीटर सरकलं. पत्रा टाकून दिला आणि दुसरा घेतला. पाण्याला सरळ रेषा कळत नाही, ताई. मला कळत होती, आणि ती सोडवत नव्हती. गुरुवारी दुपारी लाँच बुडाली, तेव्हा मी त्या नव्या जाळीला पॉलिश करत होतो.

हे टोपणापेक्षा मोठं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. टोपण कबूल केलं ते हे झाकायला. तू म्हणालीस ना, टोपण कुणाचंही असू शकतं. म्हणूनच ते कबूल करता आलं.

काल बुधवार होता. तुला लिहिण्याआधी वर्गात सांगितलं, नाहीतर पत्र टाकून मी पुन्हा गप्प बसलो असतो. मागच्या वेळी गोष्टीत एक वाक्य चुकीचं सांगितलं, असं म्हणालो, आणि मग जाळी कुणी काढली ते सांगितलं. लाँचवाले माझे कोण होते तेही सांगितलं. चष्मेवालीने मागची पानं उलटली. “म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत,” म्हणाली. मी हो म्हटलं. तिने पट्टी लावून ‘त्यांनीच’ हा शब्द खोडला आणि वर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचं धाडस झालं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, नवी जाळी झाली होती का पुरी? म्हटलं, झाली, संध्याकाळी. कुणी हसलं नाही.

बाहेर बाई म्हणाल्या, मुख्याध्यापकांशी बोलून कळवते, पुढच्या पाळीला यायचं की नाही. मी समजू शकतो. कळवलं तर जाईन, आणि गोष्ट अशीच सांगीन. प्लास्टिक कुणीतरी दुसऱ्याने टाकलेलं असतं, असं प्रत्येक वर्गाला वाटतं. मला तर ते बनवताना आणि त्याची वाट मोकळी करून देतानाही तसंच वाटत होतं.

आता भावोजींचं. हे फक्त तुझ्यासाठी, वर्गात सांगितलेलं नाही.

त्यांनी आळस केला नाही. दोनदा जाळी मागितली. एकदा शुक्रवारी धक्क्यावर, तेव्हा मी होईल हो म्हणून हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा बुधवारी, म्हणजे आदल्या दिवशी, माझ्या दारात आले. आत आले नाहीत, पायांना ऑइल होतं. जुनीच दे म्हणाले. मी म्हटलं, ती कापली. त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. त्यावर पत्रा होता, खुणा केलेला. मग म्हणाले, “बरं, उद्या तरी दे. आणि तुझ्या ताईला मी सांगितलंय की मीच काढून ठेवली. तुझं नाव कळलं तर ती तुला फाडून खाईल.”

तो फोटो पेटीतून काढ, ताई. भांडायचं ते माझ्याशी.

धाकटा